ध्वनीला कंपनाची जोड: हॅप्टिक परिणाम रचणारी सॉफ्टवेअरे

यंत्राने त्वचेला मुद्दाम करून दिलेली स्पर्शाची जाणीव म्हणजे हॅप्टिक परिणाम. फोनच्या सपाट काचेवर बटण दाबल्याचा भास, व्हिडिओ गेमच्या कंट्रोलरमधून हाताला बसणारा बंदुकीचा झटका, रिंगटोनच्या ठेक्यावर खिशात होणारी थरथर ही त्याची रोजची उदाहरणे. यातले बहुतेक परिणाम एकटे येत नाहीत. त्यांच्या सोबत आवाज असतो. काचेवर काच आपटल्याचा आवाज कानावर पडला आणि हाताला मात्र लांबलेली गुरगुर जाणवली, तर दोन्ही खोटे वाटतात. आवाज आणि कंपन एकमेकांना साजेसे व्हावेत आणि एकाच क्षणी पोहोचावेत, यासाठी गेल्या पंचवीसेक वर्षांत सॉफ्टवेअरची एक स्वतंत्र शाखा वाढली आहे. तिचे स्वरूप त्वचेच्या मर्यादांनी आणि मोटरींच्या मर्यादांनी ठरले आहे. म्हणून सुरुवात त्वचेपासूनच करावी लागते.

माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतची कंपने ऐकू येतात. त्वचेची हद्द फार लवकर संपते. १,००० हर्ट्झच्या पुढे तिला जवळजवळ काहीच कळत नाही. तळहात आणि बोटांची टोके येथील त्वचेत कंपन टिपणारे दोन प्रकारचे ग्राही महत्त्वाचे आहेत. माइस्नर ग्राही वरच्या थरात असतात आणि सुमारे १० ते ५० हर्ट्झची फडफड ओळखतात. पॅसिनी ग्राही खोलवर असतात. साधारण ४० हर्ट्झपासून वरची कंपने ते टिपतात आणि २०० ते ३०० हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तल्लख असतात. या पट्ट्यात बोटाच्या टोकाला एका मायक्रोमीटरहूनही कमी हालचाल कळते. फोनमधली इवलीशी मोटर पुरेशी ठरते ती यामुळेच.

उंच-नीच स्वर ओळखण्यात मात्र त्वचा फार मागे आहे. वारंवारतेत एका टक्क्याहून कमी पडलेला फरक कान पकडतो. त्वचेला साधारण १५ ते ३० टक्के फरक पडल्याशिवाय काही बदलले असे वाटतच नाही. षड्जापासून तार षड्जापर्यंत वारंवारता दुप्पट होते. तेवढ्या अंतरात भारतीय संगीतशास्त्र बावीस श्रुती सांगते, पेटीवर बारा पट्ट्या बसतात; त्वचेच्या वाट्याला जेमतेम तीन ते पाच पायऱ्या येतात. राग तळहातावर उमटवण्याचा प्रयत्न व्यर्थ आहे. काळाच्या बाबतीत मात्र त्वचा चांगलीच चोख असते. पाच-दहा मिलिसेकंदांच्या अंतराने आलेले दोन टोले तिला वेगवेगळे कळतात. लय, आघात, जोर आणि खडबडीतपणा एवढ्या गोष्टी ती नीट ओळखते. शिवाय तिच्या दोन खोडी आहेत. जोरदार कंपनानंतर लगेच आलेले हलके कंपन तिला जाणवत नाही, आणि एकसारखे कंपन चालू राहिले तर ती त्याला सरावते व ते जणू विरून जाते. सबंध गाणे भरून टाकणारी थरथर दुसऱ्या कडव्यापर्यंत निव्वळ मुंग्या उरते, ती याचमुळे.

आवाजाचे कंपनात ‘रूपांतर’ करणे हा शब्दप्रयोग म्हणूनच थोडा फसवा आहे. आवाजातला बहुतेक भाग त्वचेसाठी टाकूनच द्यावा लागतो, आणि काय टाकायचे व काय ठेवायचे हे ठरवणे हेच या सॉफ्टवेअरचे खरे काम आहे.

दुसरी मर्यादा मोटरीची. जुन्या कंट्रोलरमध्ये आणि स्वस्त फोनमध्ये आसावर एका बाजूला वजन लावलेली फिरती मोटर असते. तिचा वेग वाढवला की कंपन जोरदारही होते आणि त्याची वारंवारताही वाढते. दोन गोष्टी वेगवेगळ्या हाताळता येत नाहीत. शिवाय वेग घ्यायला आणि थांबायला तिला काही दशक मिलिसेकंद लागतात, त्यामुळे टोकदार टोला तिला जमत नाही. दुसरा प्रकार रेषीय मोटरीचा. तिच्यात स्प्रिंगला धरलेले वजन विद्युतचुंबकाने मागेपुढे हलवले जाते. ती झटपट सुरू होते, पण स्वतःच्या नैसर्गिक वारंवारतेच्या, म्हणजे बहुधा १५० ते २३५ हर्ट्झमधल्या एका ठरावीक आकड्याच्या, आसपासच नीट चालते. तिसरा प्रकार स्पीकरसारख्या व्हॉइस कॉइलचा. त्याला रुंद पट्टा मिळतो आणि जवळजवळ कोणतीही लहर त्याच्याकडून काढून घेता येते. चौथा पिझो पट्टीचा, म्हणजे वीज दिली की वाकणाऱ्या पट्टीचा. तो चपळ आहे, पण त्याला जास्त व्होल्टेज लागते. एकच परिणाम या चारांवर चार तऱ्हांनी जाणवतो, आणि रचनाकाराच्या डोकेदुखीचा निम्मा भाग इथूनच सुरू होतो.

आवाजाला स्पर्शाची जोड देण्याची हौस संगणकाहून जुनी आहे. १९५९ च्या ‘द टिंगलर’ या अमेरिकन चित्रपटासाठी त्याचा दिग्दर्शक विल्यम कॅसलने काही थिएटरांतल्या खुर्च्यांखाली मोटरी बसवल्या होत्या. १९७४ च्या ‘अर्थक्वेक’मध्ये ‘सेन्सराउंड’ पद्धतीने अतिखर्जातला आवाज एवढ्या जोराने सोडला जाई की तो अंगाला जाणवे. हे सारे परिणाम ढोबळ होते. घराघरांत कंपन पोहोचले ते १९९७ मध्ये: निन्टेन्डोचा रंबल पॅक ‘स्टार फॉक्स ६४’बरोबर आला आणि त्याच वर्षी सोनीने दोन मोटरींचा ड्युअलशॉक जपानमध्ये आणला. त्या काळी परिणाम रचणे म्हणजे प्रोग्रॅमरने कोडमध्ये ‘एवढ्या जोराने, एवढे मिलिसेकंद’ असे दोन आकडे लिहिणे. आवाज तयार करणारा माणूस या कामात कुठेच नव्हता.

कंपनाला स्वतःचा संपादक हवा, हा विचार संशोधकांनी पुढे नेला. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात कॅरन मॅक्लीन आणि मारिओ एन्रिकेझ यांनी २००३ मध्ये ‘हॅप्टिकॉन एडिटर’ मांडला. छोट्या छोट्या लहरी एकापुढे एक जोडून किंवा एकमेकींवर रचून अर्थवाही संकेत बनवण्याची सोय त्यात होती. दक्षिण कोरियातल्या पोहांग येथील संस्थेत रियू आणि चोई यांनी २००८ मध्ये ‘पॉसव्हिबएडिटर’ तयार केला. त्यात अनेक मोटरींसाठी एकाखाली एक ट्रॅक आणि आधी बनवलेल्या नमुन्यांचा संग्रह होता. ध्वनिसंपादकाची टाइमलाइन कंपनाकडे आली ती अशा प्रयोगांतून. मॅक्लीन यांच्याच गटातल्या ऑलिव्हर श्नायडर यांनी २०१६ मध्ये ‘मॅकरॉन’ हा ब्राउझरमध्ये चालणारा संपादक मांडला. वर आयामाची रेषा, खाली वारंवारतेची रेषा, दोन्हींवर ओढता येणारे बिंदू, एवढीच त्याची मांडणी. पण शेजारी तयार उदाहरणे उघडी ठेवून त्यांचे तुकडे उचलता येत. कोऱ्या टाइमलाइनसमोर बसलेल्या नवख्याला अशा उदाहरणांचा मोठा आधार मिळतो, हे या कामातून पुढे आले. पुढच्या व्यावसायिक साधनांपैकी बहुतेकांनी नमुन्यांचा संग्रह सोबत दिला आहे.

आजची साधने कंपन तीन रीतींनी लिहितात, आणि कोणती रीत निवडली यावर बाकी सारे अवलंबून असते.

पहिली रीत लहरीची. यात कंपन ही सरळ एक ऑडिओ फाइलच असते. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ५ च्या ड्युअलसेन्स कंट्रोलरमध्ये डावीकडे आणि उजवीकडे व्हॉइस कॉइल आहेत. तो केबलने संगणकाला जोडला की चार चॅनेलांचे ध्वनियंत्र म्हणून दिसतो, आणि त्यातली शेवटची दोन चॅनेले कंपनाची असतात. त्यामुळे साउंड डिझायनर आपल्या नेहमीच्याच ध्वनिसंपादकात कंपन घडवू शकतो: आवाजाची प्रत घ्यायची, वरचे स्वर छाटायचे, उरलेले खाली उतरवायचे, आघात ठळक करायचा. वाइजसारख्या गेम-ऑडिओच्या साधनात ‘मोशन’ नावाच्या जोडणीने कंपनाचा प्रवाह आवाजाच्या शेजारीच वाहतो, आणि गेममधली जी घटना आवाज वाजवते तीच कंपनही सोडते. या रीतीत बारकावा भरपूर मिळतो. पण फाइल जड होते आणि अरुंद पट्ट्याच्या मोटरीवर तिचे काही खरे नसते.

दुसरी रीत आवरणरेषेची. मूळ लहर न ठेवता जोर कसा चढला-उतरला आणि वारंवारता कशी सरकली, एवढ्या दोन रेषा ठेवायच्या. बर्लिनच्या लोफेल्ट या कंपनीने आपला ‘स्टुडिओ’ या तत्त्वावर उभा केला. ऑडिओ फाइल आत ओढली की सॉफ्टवेअर तिचे विश्लेषण करून रेषा काढून देते. मग बिंदू हलवायचे, नको ते पुसायचे, महत्त्वाच्या जागी ठळक आघात ठेवायचा. २०२२ मध्ये ही कंपनी मेटाकडे गेली आणि त्यातून ‘मेटा हॅप्टिक्स स्टुडिओ’ आला. त्यात बदल केला की तो लगेच हेडसेटच्या कंट्रोलरवर अनुभवता येतो. फ्रान्सच्या इंटरहॅप्टिक्सचा ‘हॅप्टिक कंपोझर’ही याच कुळातला, ती कंपनी २०२२ मध्येच रेझरने घेतली.

तिसरी रीत घटनांची. ॲपलने २०१९ मध्ये आयओएस १३ बरोबर ‘कोअर हॅप्टिक्स’ आणले, तेव्हा त्यासोबत ‘एएचएपी’ नावाची साध्या मजकुराची फाइल-पद्धत दिली. तिच्यात कंपनाच्या दोनच जाती आहेत: क्षणिक टोला आणि लांबणारे कंपन. लांबणारे कंपन जास्तीत जास्त ३० सेकंद चालते. दोघांनाही दोन गुण असतात, तीव्रता आणि तीक्ष्णता. दोन्हींची किंमत शून्य ते एक. हर्ट्झ कुठेच लिहिलेले नाहीत. ध्वनी-अभियंत्याला हे खटकते, आणि ते साहजिकही आहे. पण ‘बोथट’ आणि ‘टोकदार’ या भाषेत विचार करणाऱ्या डिझायनरला तीच सोयीची पडते, आणि फोनमधली मोटर बदलली तरी फाइल बदलावी लागत नाही. मोठी गोष्ट अशी की त्याच फाइलमध्ये, त्याच टाइमलाइनवर, ऑडिओच्या घटनाही लिहिता येतात. आवाज आणि कंपन एकाच घड्याळावर चालतात, आणि आवाजाशी जुळणी या एका निर्णयाने निम्मी सोपी होते. हा मजकूर हाताने लिहिण्याऐवजी रेषा ओढून बनवण्यासाठी मॅकवर ‘हॅप्ट्रिक्स’सारखे संपादक आहेत.

तबल्यावरचा ‘धा’ या पद्धतीने लिहायचा झाला, तर त्याचे दोन भाग करावे लागतात. उजव्या तबल्यावरचा ‘ना’ हा क्षणिक टोला: वेळ शून्य, तीक्ष्णता ०.९, तीव्रता ०.७ च्या आसपास. डग्ग्यावरचा ‘गे’ हे लांबणारे कंपन: वेळ तीच, तीक्ष्णता ०.२, तीव्रता पूर्ण, आणि एक वक्ररेषा जी एक तृतीयांश सेकंदात ती शून्यावर उतरवते. मनगटाच्या दाबाने डग्ग्यावर घेतलेली मींड दाखवायची तर त्याच वेळात तीक्ष्णतेची रेषा थोडी वर चढवायची. हे आकडे सुरुवातीचे; शेवटचे हातच ठरवतो. याच रेकॉर्डिंगवर नुसते वरचे स्वर छाटणारे फिल्टर लावले तर काय होते, ते पाहण्यासारखे आहे. ‘ना’ची ओळख त्याच्या वरच्या स्वरांत असते, ती गळून जाते आणि हाताला फक्त डग्गा उरतो. ‘तिरकिट’ द्रुत लयीत आले तर सेकंदाला सोळा आघात, म्हणजे एकेका आघाताला साठ-बासष्ट मिलिसेकंद. फिरत्या मोटरीवर त्यांचा एक गुरगुराट होतो. तेथे काही आघात गाळून सम आणि टाळी राखणे हाच शहाणपणा. खालीचे काम मात्र आपसूक होते. तीनतालाच्या ठेक्यात दहाव्या ते तेराव्या मात्रेपर्यंत डग्गा वाजत नाही. तेवढा वेळ हाताखालचे खोल कंपन थांबते आणि चौदाव्या मात्रेला परत येते. जे तबलजी कानाला सांगतो ते त्वचेलाही कळते, आणि त्यासाठी रचनाकाराला वेगळे काही करावे लागत नाही.

फिल्टरची ही फसगत स्वयंचलित रूपांतराच्या मुळाशीच आहे. सर्वांत सोप्या साधनांत खालचा पट्टा काढून तो थेट मोटरीला दिला जातो. स्फोट, ढोल, इंजिन यांना ते चालते, पण काच फुटणे, पावसाचे थेंब, तलवारीची खणखण हे सारे हातातून निसटते. त्याहून बरी पद्धत म्हणजे एकूण आवाजाच्या जोराची रेषा काढायची, आघात जिथे सुरू होतात ते क्षण शोधायचे आणि त्यावर नवे कंपन उभे करायचे. ली आणि चोई यांनी २०१३ मध्ये आणखी पुढची वाट दाखवली: लहरीचे भौतिक मोजमाप न घेता कानाला आवाज किती मोठा आणि किती खरखरीत वाटतो हे मोजायचे, आणि त्वचेला तेवढेच मोठे व खरखरीत वाटेल असे कंपन द्यायचे. अँड्रॉइडमध्ये २०२१ च्या बाराव्या आवृत्तीपासून चालू ऑडिओतून आपोआप कंपन काढणारा ‘हॅप्टिकजनरेटर’ आहे. त्याआधी दहाव्या आवृत्तीतच रिंगटोनच्या ऑडिओ फाइलमध्ये कंपनाचे वेगळे चॅनेल ठेवण्याची सोय झाली होती. या दोहोंत दुसरी सोय अधिक मोलाची, कारण तिथे निर्णय माणसाचा असतो. प्रसंगाला काय महत्त्वाचे हे यंत्राला कळत नाही. पार्श्वसंगीताचा ढोल आणि नायकाच्या पावलांचा आवाज एकाच मिश्रणात असतील, तर स्वयंचलित साधन बहुधा ढोल उचलते. म्हणून मिश्रण तयार होण्याआधीचे सुटे ट्रॅक वापरणे आणि यंत्राने काढलेली रेषा फक्त कच्चा मसुदा मानणे, ही यातली चांगली सवय.

जुळणीचा प्रश्न ऐकायला सोपा आणि सोडवायला किचकट आहे. टोला आणि त्याचा आवाज यांत काही दशक मिलिसेकंदांचे अंतर पडले की ते बहुतेकांना जाणवू लागते. बोटाने स्वतः केलेल्या क्रियेत तर त्याहूनही लवकर. आता वाटेतले उशीर मोजावेत. ४८ किलोहर्ट्झवर ५१२ नमुन्यांचा ऑडिओ बफर १०.७ मिलिसेकंद खातो. मोटर वेग घेते त्यात वीस-तीस जातात. दोन्ही उशीर सारखे नसतात, म्हणून फाइलमध्ये एकाच रेषेवर ठेवलेल्या दोन घटना हातापर्यंत पोहोचताना फाकतात. चांगली साधने मोटरीला सुरुवातीला क्षणभर जादा व्होल्टेज देऊन ती लवकर उठवतात आणि शेवटी उलटे व्होल्टेज देऊन थांबवतात. शिवाय घटना थोडी आधी पाठवतात. ब्लूटूथ हेडफोन मध्ये आला की सारे गणित कोलमडते, कारण तिथे आवाजच शंभर-दोनशे मिलिसेकंद मागे राहतो आणि कंपन मुद्दाम उशिरा सोडावे लागते. दोन यंत्रे दोन घड्याळांवर चालत असतील तर आणखी एक छुपी अडचण आहे. दशलक्षात पन्नास एवढाच फरक घड्याळांत असला तरी दहा मिनिटांत ३० मिलिसेकंद साचतात. छोट्या परिणामाला याचा त्रास नाही. सबंध चित्रपटाच्या कंपन-ट्रॅकला आहे, आणि म्हणून तिथे अधूनमधून वेळ पुन्हा जुळवून घ्यावी लागते.

यात भर मोटरीच्या स्वतःच्या आवाजाची. २०० हर्ट्झला थरथरणारा फोन ऐकूही येतो, आणि टेबलावर ठेवला तर टेबलच वाजू लागते. हातात धरलेला, जाड कव्हर घातलेला आणि गादीवर पडलेला फोन हे स्पर्शाच्या दृष्टीने तीन वेगळे फोन आहेत. पडद्यावर देखणी दिसणारी रेषा त्यामुळे काहीच सिद्ध करत नाही. रेषा पाहून समाधान मानणारा रचनाकार फसतो. आणि तासभर तेच कंपन तपासत बसलेला तर हमखास फसतो, कारण तोवर त्याची त्वचा बधिर झालेली असते. ज्या साधनात बदल आणि स्पर्श यांच्यात फाइल पाठवण्याची एकही पायरी नाही, ते साधन बाकी गुणांत कमी असले तरी कामाचे ठरते.

ऐकू न येणाऱ्यांसाठी ही साधने करमणुकीपलीकडे जातात. अमेरिकेत रॉबर्ट गॉल्ट यांनी १९२० च्या दशकात ‘टेलेटॅक्टर’ बनवून बोलणे बोटांच्या त्वचेवर पोहोचवण्याचे प्रयोग केले. टोरांटोमध्ये तयार झालेल्या ‘इमोटी-चेअर’ने वेगळी युक्ती केली: संगीताचे वारंवारतेनुसार पट्टे पाडले आणि ते पाठीवरच्या निरनिराळ्या जागी दिले. त्वचेला जो स्वरभेद कळत नाही तो जागेच्या भेदात बदलला, कारण पाठीवर वर-खाली कुठे टोला बसला हे तिला सहज कळते. कानाच्या आतला शंखही स्वर असेच जागेनुसार वेगळे करतो. २०२४ मध्ये ॲपलने आयओएस १८ मध्ये ‘म्युझिक हॅप्टिक्स’ ही सोय दिली. तिच्यात गाण्याबरोबर फोन टोले, पोत आणि थरथर देतो. एका मोटरीच्या फोनला जागेचा भेद दाखवता येत नाही, त्यामुळे सगळा भार ठेका आणि पोत यांवरच पडतो.

एवढ्या रीती आणि एवढ्या फाइल-पद्धती झाल्यावर समान मानकाची गरज उभी राहिली. चित्र आणि ध्वनी यांची मानके बनवणाऱ्या एमपीईजी गटाने हॅप्टिक संकेतनाचे मानक तयार केले. त्याचा क्रमांक आयएसओ/आयईसी २३०९०-३१. टोले, वक्ररेषा आणि प्रत्यक्ष लहरी हे तिन्ही त्याच्या एकाच फाइलमध्ये वेगवेगळ्या पट्ट्यांत राहू शकतात, आणि परिणाम शरीराच्या कोणत्या भागासाठी आहे हेही लिहिता येते. वाचता येणारे मजकूर-रूप संपादनासाठी आणि आटोपशीर द्विमान-रूप प्रसारणासाठी, अशा दोन आवृत्त्या आहेत. कंपनाचा ट्रॅक यामुळे चित्र आणि आवाज यांच्याच फाइलमध्ये शेजारी ठेवता येतो. दिलेल्या मोटरीवर तो कसा वठवायचा हा भाग मात्र बव्हंशी उपकरण बनवणाऱ्याकडेच राहतो. त्यामुळे सध्या तरी एकाच परिणामाची रुंद पट्ट्याच्या कंट्रोलरसाठी एक, फोनच्या रेषीय मोटरीसाठी दुसरी आणि फिरत्या मोटरीसाठी तिसरी आवृत्ती हाताने तयार करणे, हाच खात्रीचा मार्ग आहे.